बक्कल डावीकडे

त्या घरातल्या पुरुषांना पोट होतं, पण पोटात दुखत नसे. पाठ होती, पण ती कधी धरत नसे. सर्दी फक्त बायकांना व्हायची; पुरुषांच्या नाकातून नुसतं पाणी यायचं. अशा घरात थोरली सून म्हणून येऊन तिला बरीच वर्षं झाली होती आणि तेवढ्या वर्षांत तिला एक गोष्ट पक्की कळली होती. या घरातले पुरुष आजारी पडत नाहीत, ते थेट मरतात.

घराण्याचा धंदा घरसामान हलवायचा. मोठं अंगण, अंगणात दोन ट्रक, मागे गोदाम आणि समोरासमोर दोन घरं. एकात थोरला आणि थोरली, दुसऱ्यात धाकटा आणि धाकटी. सासूबाई थोरल्याकडे राहायच्या, पण खुर्ची टाकून बसायच्या अंगणाच्या बरोबर मधोमध, म्हणजे दोन्ही घरांवर नजर राहते. ट्रकच्या बाजूला सासऱ्यांचं भलंमोठं चित्र रंगवलेलं होतं, पाठीवर कपाट घेतलेलं, आणि खाली अक्षरं: ‘खांद्यावरचा विश्वास’. चित्रकाराला माणसाचा चेहरा जमला नव्हता. कपाट मात्र हुबेहूब होतं.

या धंद्यात त्यांची एक रीत होती. तिला ते ‘मानाचं ओझं’ म्हणत. सगळं सामान गड्यांनी उतरवायचं आणि घरातली सगळ्यात जड वस्तू शेवटाला ठेवायची. ती घराण्यातल्या थोरल्यानं एकट्यानं पाठीवर घ्यायची, रुंद पट्टा आवळून, आणि जिन्यात कुठेही न टेकता खाली आणायची. गडी भिंतीला लागून हाताची घडी घालून उभे राहणार, गिऱ्हाईक खाली मोबाइल धरून उभं राहणार, शेजारीपाजारी गॅलरीत. वस्तू ट्रकमध्ये टेकल्याशिवाय घाम पुसायचा नाही. ही रीत सासऱ्यांनी पाडली आणि तिच्यावरच धंदा चालला. लोक फोन करून विचारायचे, ‘पाठीवरून आणतात ते तुम्हीच ना?’ ट्रकवाले गावात पुष्कळ होते, फुकटचा तमाशा दाखवणारे हे एकटेच. थोरल्याला सगळी गल्ली ‘क्रेन’ म्हणायची. खऱ्या क्रेनला निदान वेळच्या वेळी कुणी तेल तरी घालतं, असं थोरलीचं म्हणणं.

एकदा धाकट्यानं हौसेनं जिना चढणारी ट्रॉली आणली. दोन्ही बाजूंना तीन-तीन चाकं, पायरी आली की आपोआप फिरणारी. भारी कपाटही दोन माणसांत आरामात उतरलं असतं. सासूबाईंनी तिच्याकडे नखशिखान्त पाहिलं आणि म्हणाल्या, “आपण काय बाळाला फिरायला नेतोय?” झालं, ट्रॉली कोपऱ्यात गेली. पुढे थोरली तिच्यावरून कपड्यांचे गठ्ठे न्यायला लागली, धाकटी गॅसचा सिलिंडर. ट्रॉली बायकांची झाली. आणि एकदा बायकांची झाली म्हटल्यावर तिला हात लावायची कुठल्या पुरुषाची छाती होणार?

थोरलीचं शिवणाचं मशीन पुढच्या खोलीत होतं. चेन बदलणं, पँट आखूड करणं, कंबर सैल करणं ही तिची कामं. गल्लीतल्या सगळ्या पुरुषांच्या कमरेची खरी मापं तिला एकटीला ठाऊक होती, त्यामुळे पुरुषजातीबद्दलचा तिचा आदर मुळातच बेताचा होता.

नवऱ्यावर मात्र तिचा जीव होता. तिच्या माहेरचं सामान हलवायला तो आला तेव्हा तिनं त्याला पहिल्यांदा पाहिलं. पाठीवर कपाट, कपाळावर शिरा तट्ट फुगलेल्या, आणि जिन्याच्या वळणावर एक मांजर मध्येच बसलेलं. ते उठेपर्यंत हा तसाच थांबला. हाकललंही नाही. सगळ्यांनी कपाट पाहिलं. तिनं मांजराला वाट देणारा माणूस पाहिला आणि घरी सांगून टाकलं, मला हाच हवा. तो माणूस त्या कपाटाखालून पुढे तिला फारसा भेटला नाही, ही गोष्ट वेगळी.

तर, एका संध्याकाळी तो अंघोळ करून आला आणि तिला त्याच्या उजव्या जांघेपाशी लिंबाएवढी गाठ दिसली.

“हे काय?”

“कुठे काय? काही नाही.”

“मला दिसतंय ना.”

“मग बघू नकोस.”

पण ती ऐकणाऱ्यातली नव्हती. चार दिवस तिनं त्याच्या मागे भुणभुण लावली आणि पाचव्या दिवशी तो काळा चष्मा लावून तिच्याबरोबर दवाखान्यात गेला. मागच्याच रस्त्यावरचं लहानसं इस्पितळ. बाहेरच्या बाकावर समोरच्या भिंतीवरचं बाळंतिणीच्या आहाराचं पोस्टर तो इतक्या मन लावून वाचत बसला की शेजारच्या बाईनं विचारलं, “कितवा महिना तुमच्या मिसेसना?” आत गेल्यावर कळलं की सर्जन बाई आहे. त्यानं थोरलीकडे असं पाहिलं, जणू तिनंच त्या बाईला डॉक्टरकीला घातलं होतं.

“काय होतंय?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“काही नाही.”

“मग आलात कशाला?”

“हिनं आणलं.”

“बरं. दाखवा.”

त्यानं मुंडकं काढून दिलं असतं, पण पँटचा पट्टा सोडला नसता. शेवटी डॉक्टरीणबाईंनी थोरलीलाच सगळं विचारलं, त्याला उभं करून कपड्यांवरूनच हात ठेवला आणि खोकायला सांगितलं. तेवढं त्यांना पुरलं.

“हर्निया आहे. पोटाची भिंत तिथे विरलीये आणि आतडं बाहेर डोकावतंय. छोटं ऑपरेशन असतं. जाळी बसवू, दुसऱ्या दिवशी घरी. दीड-दोन महिने वजन उचलायचं नाही, आणि एकट्यानं कपाटं तर पुढेही नाही.”

“आणि नाही केलं तर?” थोरलीनं विचारलं.

“आज झोपल्यावर ती गाठ आत जाते ना? ज्या दिवशी आत जायची बंद होईल, दुखायला लागेल, उलटी होईल, त्या दिवशी आतडं अडकलं समजा. मग घरी एक तासही थांबू नका. माणूस जातो त्यात.”

बाहेर आल्याआल्या तो म्हणाला, “बाईमाणूस. तिला काय कळणार पुरुषाच्या अंगातलं?”

“पुरुषाचं आतडं काय वेगळ्या कंपनीचं असतं?”

“तुला नाही समजायचं. क्रेनचं तिथे ऑपरेशन झालं म्हटल्यावर गल्लीत काय बोलतील माहितेय? तिथे!” एवढ्या गर्दीच्या रस्त्यावर त्यानं ‘तिथे’ हा शब्द कुजबुजत उच्चारला. त्याच्या डोक्यात हर्निया आणि मर्दपणा एकाच खोलीत भाड्यानं राहत होते. एकाला बाहेर काढलं तर दुसराही जाईल अशी त्याला धास्ती होती. “तू असं कर. एक पट्टा शिवून दे. जाड कापडाचा. दाबून बसला की झालं. आणि कुणाला कळता कामा नये.”

तिनं शिवला. संतापानं दात-ओठ खात शिवला, पण शिवला, कारण नाही शिवला तर हा शहाणा टॉवेल गुंडाळून कपाट उचलायला जाईल हे तिला पुरतं माहीत होतं. ताडपत्रीचं दुहेरी कापड, आत दाबलेल्या लोकरीच्या नमद्याची गादी, आणि जुन्या बॅगेचं बक्कल. त्याला हाताशी यावं म्हणून बक्कल तिनं उजवीकडे लावलं.

मग लपवाछपवी सुरू झाली. पट्टा धुतला की उशीच्या अभ्र्यात घालून मागच्या दोरीवर वाळत घालायचा. शर्ट एक माप मोठे. पट्ट्यामुळे त्याचं पोट पुढे आल्यासारखं दिसे आणि धाकटा भर अंगणात म्हणायचा, “दादा, क्रेनमध्ये डिझेल जास्त होतंय!” गडी हसायचे, तोही हसायचा. पोट सुटलेलं चालत होतं. पोट सुटणं म्हणजे खात्यापित्या घरचा पुरुष. पोट फाटलेलं तेवढं चालत नव्हतं. सगळं अंगण त्या पोटाकडे रोज बघत होतं आणि एकालाही ते दिसत नव्हतं. लिंबाचा बटाटा झाला. कपाटं उतरतच होती.

रोज ट्रक परत येईपर्यंत थोरलीचा जीव टांगणीला लागायचा. मशीनवर बसली तरी कान फाटकाकडे. संध्याकाळी तो आडवा झाला की ती पहिल्यांदा विचारायची, “गेली का आत?” आणि तो म्हणायचा, “गेली गं बाई, गेली.” त्या घरात नवरा-बायकोचं एवढंच एक जिव्हाळ्याचं बोलणं उरलं होतं.

एके दिवशी सासूबाईंनी वाळलेले कपडे काढून आणले आणि त्या अभ्र्यात त्यांच्या हाताला बक्कल लागलं. त्यांनी थोरलीला आपल्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. पट्टा त्यांच्या मांडीवर होता.

थोरलीला खरं सांगायचं तर हायसं वाटलं. “बरं झालं आई, तुम्हालाच कळलं ते. ऑपरेशन करायला सांगितलंय. माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील. तुम्ही एक शब्द टाका.”

सासूबाईंनी पट्टा उलटापालटा केला. शिलाईवरून अंगठा फिरवला. गादी दाबून पाहिली.

“शिलाई चांगली आहे तुझी,” त्या म्हणाल्या. “पण बक्कल डावीकडे घे. उजवीकडे शर्टातून दिसतं.”

थोरलीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. सासूबाई मात्र उठल्या, कमरेची किल्ली काढून ट्रंक उघडली आणि तळातून एक वस्तू काढून तिच्या हातात दिली. तोही पट्टाच होता. घामानं चामड्यासारखा कडक झालेला, शरीराच्या वळणावर वाकलेला. बक्कल डावीकडे.

“ह्यांचा,” सासूबाई म्हणाल्या.

सासऱ्यांच्या मरणाची कथा त्या घरात पाठ होती. कपाट उतरवलं, ट्रकमध्ये ठेवलं, ‘झालं’ म्हणाले, पायरीवर टेकले आणि गेले. हार्ट. सिंहासारखे गेले. लग्नकार्यात, बैठकीत, नव्या गड्याला कामावर घेताना ती कथा सांगितली जायची. थोरल्यानं तर ती इतक्यांदा सांगितली होती की ऐकणाऱ्याला वाटावं, हा तिथे होता. प्रत्यक्षात तो त्या दिवसांत दुसऱ्या गावी सामान पोचवायला गेला होता.

“कपाट उतरवलं ते खरं,” सासूबाई सांगू लागल्या, अगदी भाजीचा भाव सांगावा तशा. “मग घरी आले ते वाकूनच. गाठ आत जाईना. दोन दिवस होते या खोलीत. तोंडात टॉवेल धरून ठेवायचे, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. मी सगळ्यांना सांगितलं, बाहेरचं खाणं बाधलंय. शेवटी शेवटी उलटीला असा वास यायचा की मला खिडकी उघडावीशी वाटायची. पण नाही उघडली. कुणाला कळू दिलं नाही. गेले तेव्हा पायरीवर हार्टनं गेले म्हणून सांगितलं, कुणी उलट विचारलं नाही. अब्रू राखली त्यांची.”

“डॉक्टर?”

“ते नको म्हणाले.”

“आणि तुम्ही?”

“मी बायको होते,” सासूबाई म्हणाल्या. जणू यात सगळं उत्तर आलं.

थोरलीला त्या बाईची दया यायला हवी होती. नाही आली. दोन दिवस बंद खिडकीच्या खोलीत नवरा सडत असताना बाहेर येऊन पाहुण्यांना चहा देणारी ही बाई, आणि आज पोराचा पट्टा हातात धरून तिला बक्कल दिसतं! थोरलीला किळस आली. आणि किळस येतायेताच तिच्या ध्यानात आलं की त्या दोन पट्ट्यांतला नवा पट्टा तिच्या हातचा आहे.

तिनं त्याच संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो ताडकन उठून आईकडे गेला आणि ती दारात उभी राहून ऐकत राहिली.

“वेड लागलंय का हिला?” सासूबाईंचा आवाज अगदी स्वच्छ होता. “तुझे बाबा सिंहासारखे गेले. कसली ट्रंक? जुने कपडे आहेत त्यात.” आणि किल्ली कमरेलाच होती.

तो परत आला. “करायचं नसेल तर करू नकोस गं माझं. पण बाबांच्या मरणाला हात लावू नकोस.” यापुढे बोलायची त्यानं सोयच ठेवली नाही.

काही आठवड्यांनी मोठं काम आलं. दोन गल्ल्या पलीकडची जुनी चार मजली इमारत, लिफ्ट नाही, आणि वरच्या मजल्यावरच्या निवृत्त कॅप्टनसाहेबांकडे आरशाचं सागवानी कपाट. ते म्हणे कुणाच्या बापाला एकट्यानं हलवता आलं नव्हतं. असलं काही ऐकलं की या घराण्याला अंगात आल्यासारखं होई.

त्या सकाळी तो पलंगावर उताणा पडून राहिला. बराच वेळ. थोरली चहा घेऊन आली तेव्हा तो दोन्ही हातांनी गाठ दाबत होता आणि उशी घामानं भिजली होती.

“गेली का आत?”

“जाईल.”

“गेली का?”

“पट्टा दे. जरा आवळून बांध.”

तिनं कप खाली ठेवला. “मी बांधणार नाही. आपण आत्ता दवाखान्यात जातोय.”

“माणसं जमली असतील तिथे.”

“अहो, डॉक्टर काय म्हणाल्या होत्या? तुमचे बाबा असेच…”

त्यानं तिच्याकडे पाहिलंही नाही. पट्टा स्वतःच आवळला, शर्ट घातला आणि अंगणात गेला. सासूबाईंनी खुर्चीतून त्याला एकवार न्याहाळलं. शर्टातून काही दिसत नव्हतं. त्यांनी समाधानानं मान हलवली. ट्रक निघाला.

थोरलीनं आधी इस्पितळात फोन केला. “आत्ताच्या आत्ता आणा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग तिनं कोपऱ्यातली ट्रॉली ओढून काढली, तिच्यावरचे कपड्यांचे गठ्ठे जमिनीवर फेकले आणि ती खडखडवत रस्त्यानं निघाली. आज त्या इमारतीतून ट्रॉलीवर काहीतरी उतरणारच होतं. कपाट, नाहीतर कपाटवाला.

वरच्या मजल्यावर पोचली तेव्हा खोल्या रिकाम्या झाल्या होत्या आणि मधोमध ते कपाट उभं होतं. कॅप्टनसाहेब, गडी, शेजारी, सगळे कडेनं. नवरा हातात ओझ्याचा रुंद पट्टा घेऊन उभा, ओठ पांढरे. ती ट्रॉली दाराशी सोडून आत आली आणि म्हणाली, “हे कपाट आज ट्रॉलीवरून जाईल.”

सगळे हसले. धाकटा म्हणाला, “वहिनी, सिलिंडर नाहीये हा.”

थोरलीनं एकदा त्या सगळ्या तोंडांकडे पाहिलं. यांना समजावत बसायचं? तिनं कपाटाचं दार उघडलं, आत शिरली, खालच्या फळीवर बसली आणि दार ओढून घेतलं. आपण आत आहोत म्हटल्यावर हा उचलणार नाही, असा तिचा हिशोब होता. इतकी वर्षं त्या घरात काढूनही तिला पुरुषांची पूर्ण पारख झालेली नव्हती.

 बाहेरून धाकट्याचाच आवाज आला, “दादा, वहिनीसकट!”

“वहिनीसकट! वहिनीसकट!” टाळ्या सुरू झाल्या. कॅप्टनसाहेबही ओरडत होते.

आत डांबराच्या गोळ्यांचा वास होता. कपाटाच्या पाठीला त्याची पाठ टेकलेली तिला कळली. पट्टा आवळल्याची करकर कळली. फळीतून त्याचा श्वास ऐकू येत होता, तुकड्यातुकड्यांनी.

“उतर गं,” तो फळीपलीकडून हळूच म्हणाला.

“गाठ आत गेली?”

 टाळ्या वाढल्या. आणि मग, मूर्खपणाला केवढी ताकद असते बघा, कपाट खरंच उचललं गेलं. बोटभर.  दुसऱ्या क्षणी ते धाडकन जमिनीवर आलं, आणि तिला असा आवाज ऐकू आला, जो तिनं त्या माणसाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

ती बाहेर आली तेव्हा तो गुडघ्यांवर होता आणि ओकत होता. अर्ध्या लोकांचे मोबाइल अजून वर होते.

“दादा, सकाळी काय खाल्लंस?” धाकट्यानं विचारलं.

हे ऐकून थोरलीचं माथं भडकलं. “काही खाल्लेलं नाहीये!” ती ओरडली. “हर्निया आहे! जांघेतून आतडं बाहेर आलंय आणि तिथे अडकलंय. कित्येक महिने पट्टा बांधून फिरतायत, मी शिवलेला. हा बघा!” तिनं त्याचा शर्ट वर केला. “तुमचे बाबाही यानंच गेले. हार्टनं नाही. नीट काढा व्हिडिओ! आणि झाला असेल काढून तर धरा यांना, ट्रॉलीवर घ्या.”

गडी ट्रॉलीकडे बघत राहिले. बायकांची ट्रॉली. माणूस मरायला टेकला होता तरी त्यांचा हात पुढे होईना. समोरच्या घरातली एक बाई कणकेनं भरलेल्या हातांनीच पुढे आली आणि तिनं एक बाजू धरली. मग धाकट्याला लाज वाटली, त्यानं दुसरी धरली. मानाच्या ओझ्याच्या पट्ट्यानंच त्याला ट्रॉलीला बांधलं आणि क्रेन चार मजले खाली आला. पायरीगणिक चाकं फिरत होती. कुठे टेकावं लागलं नाही, कुठे ओरखडा आला नाही. इतकं झकास काम त्या घराण्यानं कधी केलं नव्हतं.

तो वाचला. वीतभर आतडं काळं पडलं होतं, ते कापून टाकावं लागलं. आणखी थोडा उशीर झाला असता तर हातात काही राहिलं नसतं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. थोरली इस्पितळाच्या बाकावर बसून, त्या बाळंतिणीच्या पोस्टरसमोर, पोटभर रडली. मग तोंड धुऊन आली.

आता तरी यांचे डोळे उघडतील, असं तिला वाटलं होतं. भेटायला येणाऱ्यांना सासूबाई दारातच गाठायच्या. “हार्ट,” त्या सांगायच्या. “वेळीच आणलं म्हणून बरं.” हार्ट हा इभ्रतीचा आजार. काळजाला दुखणं व्हायला माणसाला काळीज असावं लागतं. आणि ज्यांनी तो व्हिडिओ पाहिला होता, दुसऱ्यांना पाठवला होता, तेसुद्धा चेहरा लांब करून म्हणायचे, “हो हो, हार्टच. जपायला हवं.” आणि तो? वीतभर आतडं गमावलेला तो मर्द पांघरुणातून हात काढून छातीवर ठेवायचा.

थोरलीशी तो बोलत नव्हता. सासूबाई तर तिच्याकडे पाहतही नव्हत्या. भर वस्तीत नवऱ्याचा शर्ट वर करणारी सून. मेला असता तर निदान ट्रकवरच्या चित्रात गेला असता. घरी आल्यावर तो पुढच्या खोलीत कॉटवर पडून राहायचा, भिंतीकडे तोंड करून, आणि ती शेजारीच मशीनवर बसायची. ती औषधं वेळेवर द्यायची, टाके पुसायची. मांजराला वाट देणारा माणूस त्या पाठीत कुठे आहे का, ते बघत राहायची.

मानाचं ओझं आता धाकट्याकडे गेलं. काम वाढलं होतं, उलट. व्हिडिओ पाहून लोक विचारायचे, ‘बायकोसकट उचलतात ते तुम्हीच ना?’ ट्रॉली पुन्हा कोपऱ्यात.

दोन-तीन महिने गेले असतील. एका दुपारी धाकटी आली. इकडेतिकडे बघत, हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी. थोरलीच्या मशीनजवळ बसली आणि कागद सोडला. ताडपत्रीचं कोरं कापड.

“ताई,” ती अगदी हळू म्हणाली, “ह्यांना जरा… तिथे… लिंबाएवढं आहे फक्त. एक पट्टा शिवून द्याल? मला नाही जमत हो. आणि आई म्हणाल्या, बक्कल डावीकडे घ्या. उजवीकडे दिसतं.”

 तेवढ्यात कॉटवरून आवाज आला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तो आपणहून बोलत होता. भिंतीकडे तोंड करूनच.

“डावीकडेच घे,” तो म्हणाला. “उजवीकडे खरंच दिसतं.”

थोरलीनं कात्री उचलली. कापड मांडीवर पसरलं आणि शांतपणे कापायला लागली. हातभर, हातभर. धाकटीला आधी वाटलं, ती पट्टाच बेततेय. मग तुकडे वाढत गेले तशी तिनं कापडाचं टोक धरलं.

“ताई, अहो हे काय केलंत? केवढं चांगलं कापड!”

“फडकी,” थोरली म्हणाली आणि तुकड्यांचा गठ्ठा तिच्या हातात कोंबला. “ट्रॉली पुसून ठेव. धूळ बसलीये तिच्यावर.”

ती उठली. कॉटवरची पाठ अजून भिंतीकडेच होती. त्या पाठीशी तिला आता काही बोलायचं नव्हतं. पायात चपला सरकवून ती अंगणात आली, कात्री हातातच. सासूबाई खुर्चीत सावरून बसल्या. थोरली त्यांच्या बाजूनं पुढे गेली आणि धाकट्याच्या दारासमोर उभी राहिली.

“भावजी!” तिनं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारली. “बाहेर या. तुमचा हर्निया दाखवायला दवाखान्यात जायचंय.”